व्होल्टेज का बसलं? ७८०५ रेग्युलेटर आणि जादा करंट: नवशिक्यांसाठी

नरकासुराच्या पुतळ्याच्या दोन डोळ्यांत प्रोग्रॅमनं रंग बदलणारे आठ-आठ डब्ल्यूएस२८१२ एलईडी बसवले, १२ व्होल्टची बॅटरी आणली, मधे १२ चे ५ व्होल्ट करणारा ७८०५ रेग्युलेटर टाकला आणि त्याची उष्णता हवेत सोडायला बोटाएवढा धातूचा हीट सिंक लावला. लाल रंगात डोळे तासन् तास झकास पेटतात. मग कोणीतरी डोळे पांढरे लखलखवायचा प्रोग्रॅम टाकतो. दोन-तीन मिनिटांत पांढरा पिवळट होतो, पिवळट लालसर होतो आणि डोळे मिटतात. जरा वेळानं आपसूक उघडतात, पुन्हा मिटतात. ‘रेग्युलेटर गेला’ म्हणून दुसरा आणून लावला तरी तेच.

गोव्यात दिवाळीआधीच्या रात्री वाड्यावाड्यांवर दिसणारा हा बिघाड. शिगम्याच्या चित्ररथावर किंवा चवथीच्या देखाव्यातही तो याच रूपात भेटतो. रेग्युलेटर शाबूत असतो आणि स्वतःला वाचवत असतो. तो कसा वाचवतो हे एकदा हातानं तपासून पाहिलं, की पुढच्या वेळी पार्ट बदलण्याआधी मीटर कुठं लावायचा ते कळतं.

आधी वरचा हिशेब करू. डब्ल्यूएस२८१२ च्या एका एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात आणि पूर्ण उजेडात प्रत्येक रंग सुमारे २० मिलीअँपिअर घेतो. सोळा एलईडी नुसते लाल पेटवले तर ३२० मिलीअँपिअर, पांढरे पेटवले तर तिप्पट, म्हणजे ९६० मिलीअँपिअर. ‘७८०५ एक अँपिअरचा आहे, मग चालायला हवा’ असं वाटतं, आणि इथंच फसगत होते. बॅटरीचे १२ व्होल्ट आत येतात, ५ बाहेर जातात, मधले ७ व्होल्ट रेग्युलेटर उष्णता करून टाकतो. लाल रंगात ७ गुणिले ०.३२, म्हणजे सव्वादोन वॅट. पांढऱ्यात जवळजवळ पावणेसात वॅट. बोटाएवढा हीट सिंक सव्वादोन वॅट निभावतो, पावणेसात निभावत नाही. रंग पिवळट होत जातो त्यालाही कारण आहे: निळ्या एलईडीला तीन व्होल्टच्या वर लागतात, लालला दोनच्या आसपास पुरतात. म्हणून व्होल्टेज उतरू लागलं की आधी निळा मंदावतो आणि लाल शेवटपर्यंत टिकतो. मीटर हाताशी नसेल तेव्हा हा रंगच मीटरचं काम करतो.

आतले तीन राखणदार

७८०५ च्या आत एक मोठा पॉवर ट्रान्झिस्टर असतो आणि सगळा करंट त्यातून जातो. त्याच्या वाटेत सुमारे ०.३ ओहमचा एक चिमुकला रेझिस्टर असतो. करंट वाढला की त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं आणि ते ०.६५ व्होल्टच्या आसपास पोचलं की शेजारचा छोटा ट्रान्झिस्टर चालू होऊन मोठ्याचा बेस करंट, म्हणजे त्याला चालू ठेवणारा लहानसा करंट, ओढून घेतो. ०.६५ भागिले ०.३ म्हणजे साधारण २.२ अँपिअर. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, कमाल करंट म्हणून हाच आकडा दिसतो. हा पहिला राखणदार काही मायक्रोसेकंदांत जागा होतो. त्यानंतर रेग्युलेटर पाच व्होल्ट राखायचं सोडून देतो आणि करंट धरून ठेवतो. आउटपुटला १ ओहमचा लोड (करंट घेणारा भाग) असेल तर तिथं दोन-सव्वादोन व्होल्टच दिसतील.

ट्रान्झिस्टरला चालू व्हायला लागणारे ते ०.६५ व्होल्ट तापमानाबरोबर घटतात, दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्ट. चिप १०० अंशांनी तापली तर ०.४५ व्होल्टच पुरतात आणि मर्यादा दीड अँपिअरवर येते. म्हणून २.२ हा आकडा गार चिपचा समजायचा.

दुसरा राखणदार इनपुट आणि आउटपुट यांच्यातला फरक पाहतो. फरक मोठा असेल तर तोच करंट ट्रान्झिस्टरच्या एका कोपऱ्यात उष्णता साठवून त्याला जाळू शकतो, म्हणून फरक वाढेल तशी मर्यादा खाली ओढली जाते. ७८०५ ला ३५ व्होल्ट इनपुट देऊन आउटपुट शॉर्ट केलं, तर डेटाशीटप्रमाणे साधारण ०.७५ अँपिअरच वाहतो. एलएम३१७ या हव्या त्या व्होल्टला लावता येणाऱ्या रेग्युलेटरमध्ये हे आणखी ठळक दिसतं: फरक १५ व्होल्टपर्यंत असताना साधारण २.२ अँपिअर, ४० व्होल्ट असताना ०.४. मोटर चालू न होण्यामागे अनेकदा हाच असतो. तो मुद्दा पुढं येईल.

तिसरा राखणदार तापमानाचा. चिप १५० ते १७५ अंशांच्या दरम्यान पोचली की तो पॉवर ट्रान्झिस्टर बंद करतो. काही चिप खाली येऊन एका व्होल्टेजवर रेंगाळतात, काही चालू-बंद होत राहतात. नरकासुराचे डोळे मिटवणारा हाच.

हे तिन्ही चिपची राखण करतात. तुमची वायर, कनेक्टर आणि एलईडी यांची जबाबदारी त्यांच्यावर नाही. एक अँपिअर म्हणून विकत घेतलेला रेग्युलेटर शॉर्ट झालेल्या बारीक वायरीत दोन अँपिअर सुखानं ढकलतो, आणि वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडत असतानाही त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं.

तपासणीचं सामान

टीओ-२२० आकाराचा ७८०५. दुकानातून दोन घ्या. तळहाताएवढा, पात्यांचा काळा हीट सिंक, एम३ चा स्क्रू आणि हीट सिंक पेस्ट. ०.३३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ०.१ चा एक आणि १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक. १एन४००७ डायोड. पांढरे सिमेंट रेझिस्टर, सगळे १० वॅटचे: १० ओहमचे दोन, २.२ ओहमचा एक, १ ओहमचा एक. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, काचेचा ३ अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर. दोन मल्टिमीटर असले तर उत्तम, एक असेल तर इकडून तिकडं लावावा लागेल.

बॅटरीच का? हातातला अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर रेग्युलेटरच्या आधी तोच हात टेकतो, आणि तुम्ही अ‍ॅडॉप्टरचं वागणं रेग्युलेटरच्या नावावर लिहून ठेवता. अ‍ॅडॉप्टरच वापरायचा तर ३ अँपिअरचा घ्या.

ब्रेडबोर्ड मात्र नको. त्याच्या बारीक क्लिपा एक अँपिअरच्या वर तापतात आणि त्यांच्यावरच व्होल्टेज पडतं. टर्मिनल ब्लॉक किंवा थेट सोल्डरिंग करा, वायर किमान ०.७५ चौरस मिलिमीटरची.

जोडणी

छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावा इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मागचा पत्राही ग्राउंडच, त्यामुळे हीट सिंकला अभ्रकाचा तुकडा लावायची गरज नाही. पेस्टचा थर पातळ हवा, खालचा पत्रा जेमतेम झाकेल इतकाच. जाड थरानं उष्णता अडते.

०.३३ चा कपॅसिटर इनपुट आणि ग्राउंडमध्ये, ०.१ चा आउटपुट आणि ग्राउंडमध्ये, दोन्ही पायांना अगदी चिकटून. बॅटरीची वायर हातभर लांब असेल तर इनपुटला १०० मायक्रोफॅरडचाही लावा. हे कपॅसिटर गाळले तर रेग्युलेटरचं आउटपुट झपाट्यानं वर-खाली हेलकावू लागतं, तो विनाकारण तापतो, आणि तुम्ही जादा करंट शोधत बसता. डायोडचं पट्टीचं टोक इनपुटला, दुसरं आउटपुटला. आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल आणि इनपुट अचानक तुटलं, तर त्याचा साठा उलटा रेग्युलेटरमधून न जाता डायोडमधून निघून जातो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लागूनच. मधे लांब वायर सोडलीत तर तेवढी वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहते.

तपासणी, पायरीपायरीनं

१. लोड न लावता बॅटरी जोडा. आउटपुट ४.८ ते ५.२ व्होल्टमध्ये हवं. नसेल तर पुढं जाऊ नका, पाय उलटे लागले असतील.

२. १० ओहमचा एक रेझिस्टर लावा. अर्धा अँपिअर. रेग्युलेटरवर साडेतीन वॅट. पाच मिनिटं ठेवा, व्होल्टेज हलता कामा नये.

३. दुसरा १० ओहम त्याला समांतर जोडा. आता १ अँपिअर, ७ वॅट. इथं हीट सिंकची खरी परीक्षा. चिपपासून पत्र्यापर्यंत दर वॅटमागे ५ अंश चढतात, पेस्टमध्ये आणखी अर्धा ते एक. ऑक्टोबरातल्या दमट रात्री पेटीत ४० अंश धरले आणि चिप १२५ च्या आत ठेवायची म्हटली, तर सात वॅटसाठी हीट सिंक दर वॅटमागे ६ अंशांहून चांगला हवा. म्हणून तळहाताएवढा सांगितला. हीट सिंकशिवाय हाच पार्ट दर वॅटमागे ५० अंश तापतो, म्हणजे जेमतेम पावणेदोन वॅट. १२ व्होल्टवर ते अडीचशे मिलीअँपिअर होतात. ‘एक अँपिअरचा’ रेग्युलेटर उघडा असताना एवढाच.

४. १० ओहमचे काढून २.२ ओहमचा लावा. पाच व्होल्टवर याला २.२७ अँपिअर हवेत, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. कुठली चिप ४.९ दाखवील, कुठली ४.५. मीटरकडं पाहत राहा: काही सेकंदांत आकडा घसरू लागेल, कारण पंधरा वॅटमुळं चिप तापतेय आणि मर्यादा खाली येतेय. दहा सेकंदांत काढा.

५. आता १ ओहम. याची सोय अशी, की मीटरवर जितके व्होल्ट तितकेच अँपिअर. २.१ व्होल्ट दिसले तर २.१ अँपिअर वाहतोय. रेग्युलेटर वीस वॅटच्या आसपास जाळत असतो. पाच सेकंद पुरेत, रेझिस्टरला किंवा पत्र्याला बोट लावू नका. आकडा सव्वादोनच्या आसपास सुरू होऊन उतरत गेला, तर पहिला राखणदार कामावर आहे. तीनच्या वर गेला तर त्या चिपवर भरवसा ठेवू नका. नाव ७८०५ चं आणि आत भलतंच, असे पार्ट बाजारात असतात. दोन घ्यायला सांगितले ते यासाठीच.

६. पाच मिनिटं थांबून पुन्हा १० ओहम लावा. पाच व्होल्ट परत आले की चिप धडधाकट आहे.

करंट मोजायला मीटर अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून थेट आउटपुट-ग्राउंडवर टेकवायचा मोह टाळा. अँपिअरच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार, त्यामुळे तुम्ही शॉर्टच करता. ठरावीक रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून भागाकार करणं जास्त सुरक्षित, आणि अचूकही.

खऱ्या सर्किटमध्ये दोषी कोण ते ओळखणं

एक मीटर ७८०५ च्या इनपुटवर, एक आउटपुटवर, दोन्ही थेट पायांवर टेकवा. मग बिघाड होऊ द्या.

आउटपुट बसताना इनपुटही ७ व्होल्टच्या खाली गेलं, तर रेग्युलेटर निर्दोष आहे, तो उपाशी आहे. ७८०५ ला एक अँपिअरवर आउटपुटपेक्षा सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात. जादा करंट म्हणून आणल्या जाणाऱ्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथंच असतं. समुद्रकाठी एक कारण फार नेहमीचं: खाऱ्या हवेनं फ्यूज होल्डरची क्लिप हिरवट पडते, तिथं अर्धा-एक ओहम तयार होतो आणि करंट वाढला की तिथंच व्होल्ट पडतात. होल्डर बाहेरून चांगला दिसत असला तरी फ्यूजच्या दोन टोकांच्या क्लिपांवर मीटर लावून बघा. लोड असताना तिथं ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं की घासून साफ करा किंवा बदला.

ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या सप्लायमध्ये ही उपासमार लपून राहते. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज आणि २२०० मायक्रोफॅरड असं समजा. शिखरावर ९ गुणिले १.४१४, त्यातून ब्रिजचे पावणेदोन-दोन व्होल्ट वजा, उरले ११ च्या आसपास. एक अँपिअरवर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन शिखरांच्या मधे साडेचार व्होल्टनं रिकामा होतो. तळाशी साडेसहा. मीटर सरासरी दाखवतो, पावणेनऊ, आणि तुम्हाला वाटतं इनपुट भरपूर आहे. प्रत्यक्षात सेकंदाला शंभर वेळा आउटपुट खड्ड्यात जातंय, स्पीकर असेल तर गुणगुण ऐकू येते. ४७०० मायक्रोफॅरड लावला की खड्डा दोन व्होल्टचा होतो. घरची वीज २३० वरून २०० वर उतरली तरी मग जेमतेम निभावतं.

इनपुट स्थिर, आउटपुट क्षणात बसलं: करंटची मर्यादा लागली. लोडमध्ये शॉर्ट शोधा.

इनपुट स्थिर, आउटपुट मिनिटा-दोन मिनिटांनी बसलं आणि फुंकर घातल्यावर किंवा थांबल्यावर परतलं: उष्णता. हीट सिंक मोठा करा किंवा इनपुट व्होल्टेज कमी करा. दुसरा उपाय जास्त चांगला. ९ व्होल्टवर तोच एक अँपिअर ७ ऐवजी ४ वॅटच तापवतो.

लोड आधीपासून जोडलेला असताना सुरूच होत नाही, पण आधी चालू करून नंतर लोड जोडला तर चालतं: हा दुसरा राखणदार. मोटर किंवा फिलामेंटचा बल्ब असताना होतं. थांबलेली मोटर फिरत्या मोटरच्या कितीतरी पट करंट मागते, त्या क्षणी आउटपुट शून्याजवळ असतं, म्हणजे इनपुटचे सगळे व्होल्ट रेग्युलेटरवर येतात, आणि नेमकी तेव्हाच मर्यादा सगळ्यात खाली असते. २४ व्होल्टवरून एलएम३१७ नं ६ व्होल्टची मोटर चालवायला गेलात की हे भोगावं लागतं. इनपुट १० व्होल्टवर आणलं की सुटतं. नरकासुराचा हात हलवायला वायपर मोटर वापरणार असाल, तर तिच्या वाटेत असा रेग्युलेटर घालूच नका. ती कित्येक अँपिअर घेते, बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजनं थेट चालवा.

नेहमी होणाऱ्या चुका

दोन ७८०५ समांतर जोडून दोन अँपिअर मिळत नाहीत. एकाचं आउटपुट ५.०५, दुसऱ्याचं ४.९५ असेल तर पहिला एकटा सगळं ओढतो, मर्यादेला किंवा उष्णतेला टेकतो, मगच दुसरा जागा होतो. लोड वाटून घ्या: डावा डोळा एकावर, उजवा दुसऱ्यावर, ग्राउंड एकत्र, पाच व्होल्टच्या वायरी वेगळ्या.

एलएम३१७ चा मागचा पत्रा ग्राउंड नसतो, आउटपुट असतो. ७८०५ च्या सवयीनं तो थेट धातूच्या पेटीला स्क्रूनं आवळला आणि पेटी ग्राउंडला असली, की बसवल्याक्षणी शॉर्ट. अभ्रक आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच दोन्ही लागतात. एएमएस१११७ या छोट्या रेग्युलेटरचाही पत्रा आउटपुटच. ईएसपी३२ या वाय-फायवाल्या कंट्रोलरच्या बोर्डावर बहुधा याच जातीचा रेग्युलेटर असतो. त्याला १२ व्होल्ट दिले तर ३.३ वर उतरताना वाय-फायच्या दोनशे मिलीअँपिअरनाही पावणेदोन वॅट होतात, ते त्या नखाएवढ्या पार्टला झेपत नाहीत, आणि स्क्रीनवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, संदेश येत राहतो. आधी ७८०५ नं ५ व्होल्ट करून मग बोर्डाला द्या.

बाहेर मोठा ट्रान्झिस्टर जोडून ७८०५ चा करंट वाढवायचं सर्किट नवशिके हौसेनं करतात. लक्षात ठेवा, आतले राखणदार त्या बाहेरच्या ट्रान्झिस्टरला ओळखत नाहीत. त्याला स्वतःचा ०.२२ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि वर एक छोटा ट्रान्झिस्टर द्यावा लागतो, तेव्हा तो सुमारे तीन अँपिअरवर थांबतो. एवढं करण्यापेक्षा नवशिक्यानं बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल, घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

फ्यूजकडून काय अपेक्षा ठेवायची

१ अँपिअरचा काचेचा फ्यूज १.१ अँपिअरला उडत नाही. दीडपट करंट तो तासभरही सोसू शकतो, दुपटीच्या जरा वर गेल्यावरही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात रेग्युलेटर तापून करंट खाली आणतो आणि फ्यूज तसाच राहतो. म्हणजे रेग्युलेटरच्या पुढचा शॉर्ट फ्यूज बहुधा दाखवणार नाही. तो लागतो बॅटरीकडची वायर घासून शॉर्ट झाली किंवा रेग्युलेटर इनपुट-आउटपुट एक होऊन मेला, यासाठी. त्या दुसऱ्या प्रसंगात १२ व्होल्ट सरळ एलईडीवर जातात. आउटपुटला ५.६ व्होल्ट ५ वॅटचा झेनर डायोड, १एन५३३९, उलटा (पट्टीचं टोक आउटपुटला, दुसरं ग्राउंडला) जोडून ठेवला तर तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. तपासणी संपली की ३ अँपिअरचा फ्यूज काढून त्याच जागी लोडच्या करंटच्या जवळपासचा बसवायला विसरू नका. डोळ्यांच्या सोळा एलईडींना १.२५ अँपिअरचा पुरे.

नरकासुरात बसवताना

आत गवत, कागद, थर्माकोल, खळ. सात वॅटवर चालणाऱ्या रेग्युलेटरचा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो, आणि शॉर्ट झाला तर शंभर अंशांच्या वर जाऊन तिथंच राहतो, कारण चिपला दीडशेपर्यंत काहीच वावगं वाटत नाही. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडून आकसतो. म्हणून रेग्युलेटर डोक्यात बसवू नका. बॅटरी, फ्यूज आणि हीट सिंक एका पत्र्याच्या उघड्या डब्यात, पाठीमागं, हवा लागेल असे ठेवा आणि डोळ्यांपर्यंत फक्त पाच व्होल्टची वायर न्या. दोन मीटर वायर ०.७५ ची असेल तर एक अँपिअरवर जाऊन-येऊन ०.१ व्होल्ट पडतो, एवढा चालतो. बारीक रिबन वायर वापरलीत तर तिथंच अर्धा व्होल्ट जाईल.

प्रोग्रॅममध्ये उजेडाची पातळी निम्म्यावर आणा. रात्रीच्या अंधारात डोळ्यांना फरक जाणवत नाही, रेग्युलेटरला मात्र पावणेसात वॅटऐवजी सव्वातीन-साडेतीनच सोसावे लागतात. आणि मिरवायला नेण्याआधी डोळे सलग पाऊण तास पांढरे पेटवून ठेवा. पाऊण तासानंतरही पांढरे पांढरेच असतील आणि आउटपुट ४.८ च्या वर असेल, तर रात्र निघते.

पहाटे आग लावायच्या आधी डबा सोडवून घ्या, आधी बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल काढा, मग बाकीच्या वायरी कापा. बॅटरी आत राहिली तर ती आगीत फुटते आणि आतलं आम्ल जवळ उभ्या असलेल्या पोरांच्या अंगावर उडतं.